परराष्ट्र मंत्रालयात प्रतिनियुक्ती: खान्देशातून अर्ज करताना

जळगाव किंवा धुळ्याच्या पोस्टातल्या पासपोर्ट सेवा केंद्रात तुमचे कागद हाताळणारा माणूस बहुधा डाक खात्याचा असतो. पगार डाक खात्याचा, सेवापुस्तक डाक खात्याचं, पण समोर पडलेलं काम परराष्ट्र मंत्रालयाचं. जानेवारी २०१७ मध्ये कर्नाटकातलं म्हैसूर आणि गुजरातेतलं दाहोद इथून ही पद्धत सुरू झाली आणि पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचली. तेव्हा पासपोर्टच्या कामाचे सचिव होते ज्ञानेश्वर मुळे, कोल्हापूर जिल्ह्यातल्या अब्दुल लाट गावचे. प्रत्येक जिल्ह्यात स्वतःचं कार्यालय उघडायला मंत्रालयाकडे माणसं नव्हती. डाक खात्याकडे इमारती होत्या, माणसं होती आणि लोकांचा विश्वासही होता. म्हणून माणसं दुसऱ्या खात्याची घेतली आणि काम चालू केलं.

हे उदाहरण आधी सांगायचं कारण असं की, आपल्याकडे परराष्ट्र मंत्रालय म्हटलं की एकच वाट डोळ्यांसमोर येते. यूपीएससी द्यायची, वरचा क्रमांक काढायचा आणि भारतीय परराष्ट्र सेवेत जायचं. ते नाही जमलं तर विषय संपला. प्रत्यक्षात या मंत्रालयाच्या कामाचा मोठा भाग परराष्ट्र सेवेबाहेरची माणसं करतात आणि त्यातली काही दुसऱ्या खात्यांतून काही वर्षांसाठी, म्हणजे प्रतिनियुक्तीवर, आलेली असतात. संसदेच्या परराष्ट्र व्यवहार स्थायी समितीने २०२३ च्या अहवालात मंत्रालयाची एकूण पदं ४,८८८ आणि त्यात परराष्ट्र सेवेची १,०११ असल्याची नोंद केली. एवढ्या मोठ्या देशासाठी हे मनुष्यबळ अपुरं आहे, हे समितीने स्पष्ट सांगितलं. आणि तिने ते पहिल्यांदा सांगितलेलं नाही. शशी थरूर अध्यक्ष असताना २०१६ मध्येही या समितीने परराष्ट्र सेवेची भरती आणि प्रशिक्षण यांवर स्वतंत्र अहवाल दिला होता.

म्हणजे माणसांची गरज आहे आणि जागाही निघतात. खान्देशातल्या सरकारी कर्मचाऱ्यांचे अर्ज मात्र तिथवर फार कमी पोहोचतात. त्याचं कारण गुणवत्ता नाही. परिपत्रक उशिरा कळतं, कागद तयार नसतात आणि फाईल वाटेत कुठेतरी अडकते. हा लेख मुख्यतः त्यासाठी आहे. ज्यांची नोकरी अजून लागायची आहे त्यांच्यासाठीही काही सांगायचं आहे, ते आधी सांगून घेतो.

थेट भरतीत यूपीएससीची वाट सगळ्यांना ठाऊक आहे. तिची मुख्य परीक्षा आणि मुलाखत मराठीतून देता येते, एवढी आठवण पुरे. परराष्ट्र सेवेच्या खालचा जो मोठा वर्ग आहे त्याला भारतीय परराष्ट्र सेवेची ‘ब’ शाखा म्हणतात. ती १९५६ मध्ये उभी राहिली. सहायक कक्ष अधिकारी, कक्ष अधिकारी, लघुलेखक, सांकेतिक संदेश विभागातले कर्मचारी हे सगळे यात येतात. यातला सहायक कक्ष अधिकारी स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या सीजीएल परीक्षेतून निवडला जातो. वेतन स्तर ७, म्हणजे मूळ पगाराची सुरुवात ४४,९०० रुपयांपासून. दिल्लीत काही काळ काम केल्यावर परदेशातल्या दूतावासात नेमणूक मिळते. ती साधारण तीन वर्षांची असते, खडतर समजल्या जाणाऱ्या देशात दोन वर्षांची. पुढे बढतीने अवर सचिव आणि तिथून थेट परराष्ट्र सेवेतही जाता येतं. एखाद्या पदवीधराला यूपीएससीच्या तयारीत पाच-सहा वर्षं घालवण्यापेक्षा ही वाट जास्त शहाणपणाची ठरू शकते, आणि जळगावच्या अभ्यासिकांमध्ये बसलेल्या मुलामुलींशी कुणी याबद्दल बोलत नाही याचं मला वाईट वाटतं.

अडचण भाषेची आहे. सीजीएलची प्रश्नपत्रिका हिंदी आणि इंग्रजीतच असते. बारावीच्या पातळीवरची सीएचएसएल आणि दहावीच्या पातळीवरची एमटीएस या परीक्षा २०२३ पासून मराठीसह तेरा प्रादेशिक भाषांत खुल्या झाल्या, सीजीएल नाही. तेव्हा मराठी माध्यमातून शिकलेल्यांनी गणित आणि तर्काची घोकंपट्टी वाढवण्याआधी रोजचं इंग्रजी वाचन पक्कं करावं. पदांचा पसंतीक्रम भरताना परराष्ट्र मंत्रालयाची जागा वर लिहायला विसरू नका. ‘दिल्ली लांब आहे’ म्हणून आयकर किंवा जीएसटी वर लिहून नंतर हळहळणारे बरेच असतात.

लघुलेखनाकडे तर कुणाचंच लक्ष नाही. धुळे-जळगावच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये मुलं मराठी ३०, इंग्रजी ४० ची परीक्षा देतात आणि थांबतात. स्टाफ सिलेक्शनच्या लघुलेखक परीक्षेत ‘क’ श्रेणीला मिनिटाला १०० शब्द आणि ‘ड’ श्रेणीला ८० शब्द लागतात, तेही इंग्रजी किंवा हिंदीत. मराठी लघुलेखन इथे धरलं जात नाही. शिकायला वर्ष-दीड वर्ष जातं, शिकवणारे कमी झालेत, पण उमेदवारही त्या मानाने कमी असतात. बारावी झालेल्या आणि हात चालणाऱ्या मुलीला किंवा मुलाला मी हे आवर्जून सुचवेन.

आता प्रतिनियुक्तीकडे येतो.

परराष्ट्र मंत्रालय दुसऱ्या खात्यांतून कुठल्या कामासाठी माणसं घेतं? खान्देशातल्या कर्मचाऱ्यांना सर्वांत जवळची जागा पासपोर्ट कार्यालयातली. केंद्रीय पासपोर्ट संघटनेत पासपोर्ट अधिकारी आणि उपपासपोर्ट अधिकारी ही पदं वेळोवेळी प्रतिनियुक्तीने भरली जातात आणि त्यासाठी केंद्राबरोबर राज्य शासनाच्या अधिकाऱ्यांनाही अर्ज करता येतो. हव्या असलेल्या अनुभवात पासपोर्ट आणि वाणिज्यदूत कामाबरोबर प्रशासन, लेखा, दक्षता, लोकांच्या तक्रारींचं निवारण असे विषय दिलेले असतात. तहसील, भूमी अभिलेख, कोषागार, जिल्हा परिषद अशा ठिकाणी हे काम आपले अधिकारी रोज करतात. लोकशाही दिनाची प्रकरणं निकाली काढणं आणि ‘आपले सरकार’वरच्या तक्रारींना मुदतीत उत्तर देणं हा तक्रार निवारणाचाच अनुभव आहे. तो अर्जात तसा लिहायचा असतो, आणि तिथेच आपण कमी पडतो. त्याबद्दल पुढे सविस्तर बोलू.

परदेशातल्या दूतावासांत इतर मंत्रालयांचेही लोक बसलेले असतात. रोमच्या दूतावासात कृषी विषयाचा अधिकारी असतो, कारण संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचं मुख्यालय तिथे आहे. व्यापार शाखेत वाणिज्य मंत्रालयाने मंजूर केलेली पदं असतात. संरक्षण सल्लागार सैन्यदलांतून जातात, विज्ञान सल्लागार विज्ञान संस्थांतून. ही पदं त्या त्या मंत्रालयामार्फत भरली जातात. परराष्ट्र मंत्रालयाकडे थेट अर्ज करून उपयोग नाही.

सुरक्षेचं काम केंद्रीय पोलीस दलांकडे आहे. काबूलच्या आपल्या दूतावासावर २००२ पासून भारत-तिबेट सीमा पोलीस दलाचा पहारा होता. ७ जुलै २००८ च्या आत्मघाती हल्ल्यात या दलाचे दोन जवान तिथे मारले गेले. खान्देशातून केंद्रीय दलांत भरती होणाऱ्या तरुणांची संख्या मोठी आहे; परदेशातल्या कचेरीवर नेमणूक ही त्यांच्याही आयुष्यात येऊ शकते आणि तिच्यात मान आहे तशी जोखीमही आहे, हे घरच्यांनी समजून घ्यावं.

पोलिसांसाठी आणखी एक वाट आहे, संयुक्त राष्ट्रांच्या शांती मोहिमांची. गृह मंत्रालय राज्यांकडून नावं मागवतं. निवडीत इंग्रजी, गाडी चालवणं आणि गोळीबार या तीन कसोट्या असतात. २००७ मध्ये लायबेरियात गेलेली केंद्रीय राखीव पोलीस दलाची महिलांची तुकडी जगभर गाजली होती. धुळ्यात राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक ६ आहे, जळगावचं पोलीस दल मोठं आहे. गोळीबार आणि गाडी यांत आपली माणसं मागे पडणार नाहीत, इंग्रजीत पडतात. रेडिओवरून आलेला संदेश ऐकून त्याचा अहवाल इंग्रजीत लिहिणं, एवढ्या एका गोष्टीचा सराव सहा महिने केला तरी चित्र बदलेल. पद आणि सेवावर्षांच्या अटी परिपत्रकात दिलेल्या असतात, त्या आधी बघा.

शिक्षकांसाठी दोन ठिकाणं. केंद्रीय विद्यालय संघटनेच्या देशाबाहेर तीन शाळा आहेत: मॉस्को, तेहरान आणि काठमांडू. तिथले शिक्षक संघटना आपल्याच शिक्षकांतून निवडते, तेव्हा भुसावळच्या आयुध निर्माणीतल्या केंद्रीय विद्यालयाच्या शिक्षकांनी या नोटिशीवर लक्ष ठेवायला हवं. दुसरं ठिकाण भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद, जी मौलाना आझादांनी १९५० मध्ये स्थापन केली. ती परदेशी विद्यापीठांत हिंदी, संस्कृत, भारतीय इतिहास अशा विषयांचे प्राध्यापक ठरावीक मुदतीसाठी पाठवते आणि आपल्या सांस्कृतिक केंद्रांत योग, नृत्य, संगीत शिकवणारे नेमते. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात आणि मू. जे. महाविद्यालयासारख्या जुन्या महाविद्यालयांत या पात्रतेचे लोक आहेत. प्रश्न असतो तो संस्थाचालकाने रजा आणि धारणाधिकार लेखी देण्याचा. ते लेखी मिळाल्याशिवाय तिकीट काढू नका.

उलट दिशेनेही माणसं जातात. परराष्ट्र सेवेतले अधिकारी पंतप्रधान कार्यालयात, राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या सचिवालयात, आंतरराष्ट्रीय संस्थांत काही वर्षं काम करतात. २०२२ ते २०२४ या काळात परराष्ट्र सचिव असलेले विनय क्वात्रा आधी काठमांडूच्या सार्क सचिवालयात होते, पुढे पंतप्रधान कार्यालयातही. संख्या कमी असूनही मंत्रालय आपली माणसं बाहेर पाठवतं, कारण परत येताना ती दुसऱ्या घराचं कामकाज शिकून येतात. महाराष्ट्राच्या खातेप्रमुखांनी हा मुद्दा लक्षात घ्यावा असं मला मनापासून वाटतं. ‘आधीच माणसं कमी, त्यात हा चालला’ असं म्हणून ना हरकत प्रमाणपत्र अडवणारा वरिष्ठ स्वतःच्याच खात्याचं नुकसान करतो. एरंडोल तालुक्यातल्या ताडे गावचे राजेश पाटील ओडिशा केडरचे सनदी अधिकारी. ते प्रतिनियुक्तीवर महाराष्ट्रात आले आणि २०२१-२२ मध्ये पिंपरी-चिंचवडचे आयुक्त होते. अशा देवाणघेवाणीत दोन्ही राज्यांचा फायदा असतो.

आता अर्जाबद्दल. इथे मी सावकाश जाणार आहे, कारण बहुतेक अर्ज इथेच बाद होतात.

परिपत्रक परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आणि रोजगार समाचारमध्ये येतं. राज्याच्या विभागांकडेही जातं, पण मुंबईहून नाशिक विभागीय आयुक्तालयात, तिथून जिल्ह्याला आणि तिथून तालुक्याला पोहोचेपर्यंत मुदतीचा अर्धा काळ गेलेला असतो. मुदत बहुतेक वेळा साठ दिवसांच्या आसपास असते. म्हणून टपालाची वाट बघू नका. महिन्यातून दोनदा संकेतस्थळ स्वतः उघडा. परिपत्रक छापून घ्या आणि पात्रतेचा परिच्छेद पेन्सिलीने खुणा करत वाचा. त्यात तीन गोष्टी असतात: समकक्ष पद किंवा खालच्या स्तरावर इतकी वर्षं नियमित सेवा, शिक्षण आणि अनुभव. कमाल वय सहसा ५६, आणि ते अर्जाच्या शेवटच्या तारखेला मोजतात.

समकक्ष पदावर एक मोठा घोळ होतो. केंद्राचे वेतन स्तर १ ते १८ आहेत आणि महाराष्ट्राचे एस-१ पासून वेगळ्या क्रमाने जातात. आपला एस-१६ म्हणजे ४४,९०० ते १,४२,४००, तो केंद्राच्या स्तर ७ एवढा. एस-२० म्हणजे ५६,१०० ते १,७७,५००, केंद्राचा स्तर १०. एस-२३ हा स्तर ११ आणि एस-२५ हा स्तर १२. अर्जात नुसतं ‘एस-२०’ लिहिलं की दिल्लीतला कारकून गोंधळतो किंवा अर्ज बाजूला ठेवतो. एस क्रमांकाशेजारी वेतनश्रेणी रुपयांत लिहा आणि केंद्राचा समकक्ष स्तरही लिहा. आस्थापना शाखेकडून तसं प्रमाणपत्र जोडता आलं तर उत्तम.

जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांनी एक गोष्ट तपासावी. परिपत्रकात ‘केंद्र व राज्य शासनाचे अधिकारी’ एवढंच असेल तर जिल्हा परिषद सेवा त्यात धरली जाईल असं गृहीत धरू नका. ‘स्वायत्त किंवा वैधानिक संस्था’ असा उल्लेख आहे का ते बघा. नसेल तर परिपत्रकावर सही करणाऱ्या अवर सचिवांना ईमेलने विचारा आणि आलेलं उत्तर अर्जाला जोडा.

अर्जाचा नमुना परिपत्रकाबरोबर असतो. त्यात एका रकान्यात तुमची आतापर्यंतची पदं, कालावधी आणि कामाचं स्वरूप मागितलेलं असतं. आपल्याकडचा नेहमीचा मजकूर असा असतो: ‘अव्वल कारकून, संगायो शाखा, तहसील कार्यालय, अमळनेर’. हे वाचून दिल्लीत काहीही कळत नाही. संगायो म्हणजे काय, शाखा केवढी, तुम्ही नक्की काय करत होतात? तेच असं लिहा: निराधार, विधवा आणि दिव्यांग व्यक्तींच्या मासिक अर्थसाहाय्य योजनेची छाननी, महिन्याला अमुक अर्ज, कागदपत्रांची पडताळणी, अपात्र अर्जांवर कारणांसह आदेश, बँक खात्यांत रक्कम वितरण, लेखापरीक्षणातल्या आक्षेपांचं निराकरण. हा मजकूर इंग्रजीत हवा. पासपोर्टच्या खिडकीवर जे काम चालतं ते याच जातीचं आहे: ओळख पटवणं, कागद खरा की खोटा ते ठरवणं, शंका असेल तर नोंद करून पुढे पाठवणं. निवड समितीला हा सारखेपणा दिसला पाहिजे, आणि तो दाखवण्याची जबाबदारी अर्जदाराची आहे. रोहयो, सेतू, गौण खनिज, पुनर्वसन, निवडणूक शाखा, प्रत्येकाला असाच उलगडून लिहा. आकडे कार्यालयाच्या नोंदवहीतून घ्या, मनाने टाकू नका.

मग येतात कार्यालयाने द्यायचे कागद. मागच्या पाच वर्षांचे गोपनीय अहवाल, प्रत्येक पानावर सक्षम अधिकाऱ्याच्या सहीने साक्षांकित. पहिल्या आणि शेवटच्या पानावर सही असून चालत नाही. साक्षांकन अवर सचिव दर्जाच्या खालच्या अधिकाऱ्याचं नसावं असंही बहुधा लिहिलेलं असतं. त्याबरोबर निष्ठा प्रमाणपत्र, दक्षता विभागाची हरकत नसल्याचा दाखला, विभागीय चौकशी चालू किंवा प्रस्तावित नसल्याचा दाखला आणि मागच्या दहा वर्षांत झालेल्या शिक्षांचं विवरण. शिक्षा नसेल तर ‘निरंक’ असं स्पष्ट. शेवटी नियुक्ती प्राधिकाऱ्याचं पत्र की निवड झाल्यास कर्मचाऱ्याला कार्यमुक्त केलं जाईल.

यातला सगळ्यात नाजूक भाग गोपनीय अहवालांचा. एखाद्या वर्षाचा अहवाल लिहिलाच गेला नाही, प्रतिवेदन करणारे साहेब बदलून गेले, पुनर्विलोकन राहिलं, असं आपल्याकडे सर्रास होतं. परिपत्रक आल्यावर हे निस्तरायला वेळ नसतो. म्हणून दरवर्षी जून-जुलैत आपला मागच्या वर्षाचा अहवाल पूर्ण झाला का ते आस्थापनेत जाऊन बघा. राहिला असेल तर तो न लिहिल्याचं कारण देणारं प्रमाणपत्र तेव्हाच मागून ठेवा. अहवाल मराठीत असतील तर इंग्रजी अनुवादही करून घ्या आणि तो कार्यालयाकडून प्रमाणित करून घ्या. मत्ता व दायित्वांचं वार्षिक विवरण चुकवू नका. दक्षतेचा दाखला त्यावरही अडतो.

अर्ज योग्य मार्गाने जायला हवा. महसूल खात्यातल्या माणसासाठी हा मार्ग तहसीलदार, जिल्हाधिकारी, नाशिकचे विभागीय आयुक्त आणि मुंबईचं मंत्रालय असा असतो. प्रत्येक टेबलावर आवक आणि जावक होते. तुमच्या अर्जाचा जावक क्रमांक आणि तारीख प्रत्येक ठिकाणी वहीत लिहून घ्या आणि पुढच्या कार्यालयात तोच क्रमांक सांगून विचारा. ‘माझ्या अर्जाचं काय झालं’ या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. ‘अमुक तारखेचा, अमुक जावक क्रमांकाचा प्रस्ताव कुणाकडे आहे’ याला मिळतं. अर्जाची आगाऊ प्रत दिल्लीला थेट पाठवता येते आणि ती जरूर पाठवा. मात्र मूळ प्रस्ताव मुदतीत पोहोचला नाही तर नुसत्या आगाऊ प्रतीवर निवड होत नाही.

निवड झाली तर पैशांचा हिशेब कसा असतो? तुम्हाला दोन पर्याय देतात: मूळ पदाचा पगार अधिक प्रतिनियुक्ती भत्ता, किंवा नव्या पदाची वेतनश्रेणी. केंद्राच्या नियमाने हा भत्ता त्याच शहरात राहिलात तर मूळ वेतनाच्या पाच टक्के आणि दुसऱ्या शहरात गेलात तर दहा टक्के, दोन्हींना कमाल मर्यादा आहे. एकदा निवडलेला पर्याय सहसा बदलता येत नाही, म्हणून आधी लेखाशाखेतल्या जाणकाराकडून दोन्ही हिशेब कागदावर मांडून घ्या. निवृत्तिवेतन किंवा अंशदानाची रक्कम कोण भरणार हे आदेशात लिहिलेलं असतं, ते वाचा. राज्य कर्मचाऱ्यांसाठी १९८१ चे महाराष्ट्र नागरी सेवेतले पदग्रहण अवधी व स्वीयेतर सेवेचे नियम लागू होतात. आस्थापना शाखेत ते पुस्तक असतं.

भुसावळ आणि वरणगावच्या आयुध निर्माणीतल्या घरांना प्रतिनियुक्ती हा शब्द वेगळ्या अनुभवातून माहीत आहे. १ ऑक्टोबर २०२१ ला आयुध निर्माणी मंडळाच्या जागी सात कंपन्या आल्या. भुसावळची निर्माणी यंत्र इंडियाकडे आणि वरणगावची म्युनिशन्स इंडियाकडे गेली. कर्मचारी त्याच जागी, त्याच यंत्रावर राहिले आणि एका आदेशाने मानीव प्रतिनियुक्तीवर धरले गेले, भत्त्याशिवाय. तिथल्या लोकांच्या मनात या शब्दाबद्दल जी शंका आहे ती साहजिक आहे. पण स्वतः अर्ज करून, अटी वाचून, ठरावीक मुदतीसाठी जाणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि दोन्हींची गल्लत करून संधी सोडू नये.

जाण्याआधी घरात बसून काही गोष्टी नीट बोलून घ्या. मुदत साधारण तीन वर्षांची, मंजुरीने पाच, आणि क्वचित सात वर्षांपर्यंत वाढते. या काळात मूळ खात्यात तुमचा धारणाधिकार राहतो, ज्येष्ठताही राहते. पण बढतीची बैठक झाली तर तुमचं नाव तिथे आहे ना, हे कुणीतरी बघायला लागतं. कार्यालयातल्या एका विश्वासू सहकाऱ्याला ज्येष्ठता यादी दरवर्षी पाठवायला सांगून ठेवा आणि यादीत चूक असेल तर हरकत मुदतीत नोंदवा. मुलांची शाळा दहावीच्या वर्षात मोडू नये. म्हाताऱ्या आई-वडिलांचं औषधपाणी कोण बघणार हेही ठरलेलं बरं.

विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट राहिली. परराष्ट्र मंत्रालयात पदवीधरांना काही महिन्यांची इंटर्नशिप मिळते. महिन्याला १०,००० रुपये विद्यावेतन असतं आणि निवडीत आकांक्षित जिल्ह्यांतल्या उमेदवारांना प्राधान्य आहे. आपल्याच खान्देशातला नंदुरबार हा महाराष्ट्रातल्या चार आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक आहे. तिथल्या आश्रमशाळेतून शिकून पदवीपर्यंत पोहोचलेल्या मुलीसाठी ही वाट खुली आहे आणि तिच्या महाविद्यालयाच्या फलकावर ही नोटीस लागली पाहिजे. प्राचार्यांनी एवढं तरी करावं.

परदेशात शिकणाऱ्या किंवा नवऱ्याच्या, बायकोच्या नोकरीमुळे तिथे राहणाऱ्या खान्देशी मंडळींना दूतावासांत स्थानिक भरतीतून कारकून, स्वागतकक्ष, भाषांतर अशी कामं मिळू शकतात. जाहिरात त्या दूतावासाच्या संकेतस्थळावर येते. पगार आणि नियम स्थानिक असतात, बदली होत नाही, आणि ही भारत सरकारची कायम नोकरी समजू नये.

आणि सावधगिरी. ‘दूतावासात लावून देतो’, ‘प्रतिनियुक्तीची ऑर्डर काढून देतो’ असं सांगून पैसे मागणारी माणसं गावोगाव फिरतात. अशोकस्तंभ छापलेलं पत्र, दिल्लीचा पत्ता, गोल शिक्का, सगळं हुबेहूब असतं. पत्र आलं तर त्यावरच्या फोनवर विचारू नका. मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून क्रमांक घेऊन विचारा. प्रतिनियुक्तीत कुठल्याही टप्प्यावर उमेदवाराने दलालाला पैसे देण्याचा प्रश्नच येत नाही, कारण आदेश तुमच्या खात्याच्या नावे निघतो आणि खात्याकडूनच तुम्हाला मिळतो. खासगी परदेशी नोकरी असेल तर एजंटाचा परवाना ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. फसवणूक झालीच असेल तर लाजून गप्प बसू नका, पोलिसांत लेखी तक्रार द्या.

प्रतिनियुक्तीची मुदत संपत आल्यावर काय करायचं, हे जातानाच ठरवून ठेवावं लागतं. मुदतवाढ हवी असेल तर ती संपण्याच्या चार-सहा महिने आधी मागा, कारण मूळ खात्याची संमती पुन्हा त्याच वाटेने, मुंबई-नाशिकमार्गे फिरून येते. मंजुरी हातात नसताना तिथेच थांबून राहिलात तर तो काळ अनधिकृत धरला जाऊ शकतो. त्यात पगार अडकतो आणि चौकशीही लागू शकते. परत येताना शेवटचं वेतन प्रमाणपत्र, रजेचा हिशेब, प्रतिनियुक्तीच्या काळातले गोपनीय अहवाल आणि अंशदान भरल्याच्या नोंदी स्वतःच्या हाताने घेऊन या आणि रुजू झाल्याच्या आठवड्यातच सेवापुस्तकात त्यांची नोंद करून त्या पानाची छायाप्रत काढून ठेवा. पुढच्या प्रतिनियुक्तीआधी सहसा तीन वर्षं मूळ खात्यात काढावी लागतात, तेव्हा परतल्याची तारीखही त्याच पानावर स्पष्ट लिहून घ्या.